गेटावर घेतलेली सही

माझं शिक्षण सातवी. निकाल लागला आणि आठव्या दिवशी मामाबरोबर गाडीत बसलो. मामाचं चंदीगडला गलाईचं दुकान होतं. आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एखादा माणूस या धंद्यात असतोच. सराफांकडचं जुनं सोनं, त्यांच्या दुकानातला झाडून काढलेला केरसुद्धा आणायचा, मुशीत वितळवायचा, तेजाबात घालून शुद्ध करायचा आणि त्यांचं सोनं त्यांना परत द्यायचं. आईनं शाळा सोडल्याचा दाखला खताच्या पोत्यातल्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीच्या तळाशी घातला होता. पुढं दहा वर्षं तो तिथंच होता. कुणी मागितलाच नाही.

मागितला तो इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीनं. सायकलच्या सुट्या भागांना निकेल चढवायचं काम होतं. मामाचं दुकान तेव्हा अर्ध्यावर आलं होतं, कारण पंजाबातले ते अतिरेक्यांचे, वाईट दिवस होते. संध्याकाळ झाली की सराफ शटर ओढायचे, बाहेरगावची गिऱ्हाइकं येईनात. बसमध्ये बसण्याआधी सीटखाली वाकून बघायची सवय सगळ्यांना लागली होती. मामा म्हणाला, "तुला तेजाब कळतं, कारखान्यात बघ." कारखान्यानं लगेच घेतलं. मॅनेजर म्हणाला, "ओरिजिनल जमा होगा. सबका होता है." मी प्लॅस्टिक उलगडून दाखला दिला. त्यानं लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा ओढला. आत फायलींच्या वर एक लाल कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. ते उचलून त्याच्याखाली माझा दाखला सरकवला. हे मला नीट आठवतं, कारण कपाट बंद होईपर्यंत मी नजर हलवली नव्हती.

शिकवलेला माणूस पळून जाऊ नये म्हणून कागद ठेवून घेतात, हे मला नंतर कळलं.

दोन वर्षांत खोकला धरला. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो, तर तिथं नागपूरकडच्या एक डॉक्टरीणबाई. नाव वाचूनच त्यांनी मराठीत विचारलं, "जेवलात का?" एवढ्या वर्षांत घराबाहेर हे कुणी विचारलं नव्हतं. छातीचा फोटो उजेडात धरून त्या म्हणाल्या, "तेजाबाचं काम बंद. उद्यापासून नाही, आजपासून." आणि वर हेही बघितलं की माझं पोट कशावर चालणार. दोन महिन्यांनी त्यांच्याच सांगण्यावरून मी वॉर्ड अटेंडंटच्या जागेसाठी अर्ज केला आणि निवडला गेलो. पत्रात लिहिलं होतं, नेमणूक तात्पुरती. सहा महिन्यांत शिक्षणाचा आणि जन्मतारखेचा मूळ दाखला दाखवला नाही तर रद्द.

कंपनीत गेलो. मॅनेजर म्हणाला, "बिना नोटिस के गया था. अब कागज भूल जा."

गावच्या शाळेला पत्र टाकलं. हेडमास्तरांचं उत्तर आलं की दुसरी प्रत मिळेल, पण मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणि पोलिसांत तक्रार केल्याची पोच जोडा. पण दाखला हरवला नव्हता. कुठं आहे, कुठल्या कप्प्यात आहे, कशाखाली आहे, सगळं मला माहीत होतं. शपथेवर खोटं लिहायचं आणि तेही सरकारी नोकरीसाठी. शिवाय त्या दिवसांत चंदीगडात कुणी आपणहून ठाण्याची पायरी चढत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोटं काही लिहू नका. माझे एक पेशंट वकील आहेत, त्यांना भेटा."

वकीलसाहेब थकलेले होते. काम सगळं त्यांचा मुन्शी, म्हणजे कारकून, बघायचा. जाड काचांचा चष्मा, कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली टेबल, टेबलाला साखळीनं बांधलेली खुर्ची. मला तो 'काका' म्हणायचा. पंजाबीत काका म्हणजे पोरगा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं.

त्यानं छोटासा दावा लावून दिला: कंपनीनं दाखला परत द्यावा. कोर्टाचा प्यादा, म्हणजे बेलीफ, समन्स घेऊन गेला आणि कागदावर "जिम्मेदार आदमी नहीं मिला" एवढं लिहून परत आला. दुसऱ्यांदाही तसंच. दोन महिने गेले. मग मुन्शीनं दस्तीची अर्जी दिली. दस्ती म्हणजे कोर्ट समन्स आपल्याच हातात देतं. आपणच जाऊन समोरच्याला द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर सही आणायची.

"कंपनी को दे आ, दस्तखत ले आ," एवढंच मुन्शी म्हणाला. त्याच्यासमोर आणखी चार पक्षकार उभे होते. मला विचारायचं होतं की कंपनीला म्हणजे नक्की कुणाला? पण माझा स्वभाव असा, की दुसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याला वाटेल याला काहीच कळत नाही. नाही विचारलं.

कंपनीच्या गेटावर एक म्हातारे सरदारजी पहारेकरी होते. पूर्वी फौजेत नायक होते, म्हणून सगळे त्यांना फौजीजी म्हणायचे. मुल्लानपूरजवळच्या एका खेड्यातून सायकलवर यायचे. मी कामाला होतो तेव्हा माझा खोकला ऐकून गुळाचा खडा हातावर ठेवायचे. आदल्याच वर्षी त्यांच्या मुलाला पोलिसांनी चौकशीला नेलं होतं. अकरा दिवसांनी सोडलं. त्यानंतर मुलगा बिहारकडं कुणा नातेवाइकाच्या ट्रकवर निघून गेला आणि त्या घरात कुठल्याही कागदावर सही करायची म्हटलं की सगळे गप्प व्हायचे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"साहब नहीं हैं," ते म्हणाले. साहेबांची गाडी आत उभी होती. खिडकीचा पडदा हलला तो आम्ही दोघांनी बघितला.

मी पाकीट पुढं केलं. "फौजीजी, आप ले लो."

"कचहरी का है?"

"हां जी. बस मेरे दाखले का. सरकारी नौकरी के लिए चाहिए."

आता सांगायला लाज वाटते, पण मला त्यात काही चूक दिसत नव्हती. गलाईत असंच चालतं. सराफाच्या गादीवर जो बसला असेल, भाऊ असो, मुनीम असो, म्हातारा बाप असो, त्याच्या हातात सोन्याची पुडी ठेवायची आणि त्याच्याकडून चिठ्ठी घ्यायची. ती चिठ्ठी दुकानाची. मालकानं नंतर "मला काय माहीत" म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. दुकानाच्या तोंडाशी जो बसतो तो दुकान. त्या हिशोबानं गेटावर बसलेला माणूस कंपनीच होता.

फौजीजींनी हात पायजम्याला पुसले. पाकीट बराच वेळ उलटसुलट केलं. मग म्हणाले, "तेरी नौकरी का मामला है ना?" आणि गुडघ्यावर कागद ठेवून गुरुमुखीत सही केली. फौजेतल्या सवयीनं सहीपुढं आपला फौजी नंबरही लिहिला.

मी सायकल हाणत कोर्टात आलो. मुन्शीनं चष्मा कपाळावर चढवून सही बघितली.

"ये कौन है? डायरेक्टर?"

"गेट पे बैठते हैं जी."

त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि शेजारच्या टायपिस्टला म्हणाला, "सुन भाई! मराठा गया था कंपनी को समन देने, दे आया कंपनी के दरवाजे को!" चार टेबलं हसली. मग माझं तोंड बघून त्याचा आवाज उतरला. "ओ काका, कंपनी के हाथ-पैर नहीं होते. कानून कहता है सेक्रेटरी, डायरेक्टर, बड़ा अफसर. चौकीदार नहीं. मेरी भी गलती है, बताना था."

पुढच्या तारखेला जज्जसाहेबांनी तेच म्हटलं आणि पुन्हा समन्स काढलं. तीन महिने संपत आले होते. पुन्हा दस्ती घेऊन कंपनीत गेलो तर गेटावर नवाच माणूस, दाढी नुकती फुटलेला. मी फौजीजींचं विचारलं.

"वो तो निकाले गए. कोई कोर्ट का कागज ले लिया था. साहब ने पूछा, किसके हुक्म से लिया? सही के आगे अपना नंबर भी लिख आए थे, मुकरते कैसे?"

मी तिथून निघालो तो सायकल हातात धरून चालत. बसावं वाटेना. त्यांनी ते माझ्यासाठी केलं होतं आणि मी त्यांना सांगितलंही नव्हतं की या सहीनं काय होऊ शकतं. मला तरी कुठं माहीत होतं? पण हे मी माझ्या मनाला सांगायचो, त्यांना जाऊन नाही.

दरम्यान मुन्शीनं कंपनीचं नोंदलेलं ऑफिस शोधून काढलं. ते निघालं डेराबस्सीला. मी आणि प्यादा बसनं गेलो. वाटेत दोनदा उतरवून झडती झाली. औषधाच्या कारखान्यांचा वास येणाऱ्या गल्लीत एक खोली, दारावर कंपनीची पाटी आणि कुलपावर कोळ्याचं जाळं. शेजारचा म्हणाला, "ये तो चंदीगढ़ में बैठते हैं." चंदीगडवाले म्हणणार, ऑफिस डेराबस्सीला.

प्याद्यानं हे सगळं लिहून दिलं तेव्हा जज्जसाहेबांनी हुकूम केला, चस्पा करा. म्हणजे समन्स कंपनीच्या गेटावर चिकटवायचं, दोन साक्षीदारांसमोर, आणि ते पोचलं असं समजायचं. तारीख अठरा दिवसांवरची. माझी नोकरी त्यानंतर बावीस दिवस टिकणार होती.

प्यादा पलीकडच्या हरियाणातला, बोलायला रोखठोक. "गवाह तू लाएगा. दो. नाम-पते वाले. गवाह के बिना मैं लेई का डिब्बा नहीं खोलता."

मामा लगेच तयार झाला. दुकान बंद ठेवून येतो म्हणाला. दुसरा मिळेना. कंपनीसमोरचा चहावाला म्हणाला, माझी टपरी यांच्या भिंतीला आहे. शेजारच्या शेडमधला लेथवाला मला ओळखत होता, पण त्यानं हात जोडले. "यार, आजकल कौन अपना नाम लिखवाता है? कल कोई आके पूछे, सरकारी कागज पे दस्तखत किसने किए? इधर वाले पूछें तो मुसीबत, उधर वाले पूछें तो भी." त्याचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर एवढंही थांबून बोललो नसतो.

शेवटी मामा म्हणाला, "तुझा तो फौजी? त्याला विचारलंस?"

"कुठल्या तोंडानं विचारू?"

"आहे त्याच तोंडानं. दुसरं कुठनं आणणार?"

मुल्लानपूरच्या पुढं बसमधून उतरून शेतातून चालत गेलो. फौजीजी म्हशीला पाणी दाखवत होते. मला बघून म्हणाले, "ओए मरहट्टे, खांसी गई?" मी काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो आणि नुसता पाया पडलो. त्यांनी उठवलं. मी सांगितलं. आतून त्यांची बायको बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, त्यांच्याकडंच बघून म्हणाली, "एक बार लिख के नौकरी गई. अब दूसरी बार लिखोगे तो क्या जाएगा, वो भी सोच लो."

फौजीजींनी बादली म्हशीपुढं आणखी सरकवली. मला वाटलं उठावं. तेवढ्यात फौजीजींनी विचारलं, "कितने बजे?"

ठरलेल्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही चौघं कंपनीच्या गेटासमोर उभे होतो. प्याद्यानं लेई, म्हणजे खळ, लावली. मी कागद धरला होता, कडा उडत होत्या. नवा पहारेकरी आत पळाला. कागद अर्धा चिकटला असेल-नसेल, तोच मागं जीप थांबली. बंदुका आधी दिसल्या, माणसं नंतर.

"हाथ ऊपर! क्या चिपका रहे हो?"

तेव्हा भिंतींवर, दारांवर धमक्यांचे कागद चिकटवले जायचे. असा कागद सकाळी सापडला की अख्खी गल्ली त्या दिवशी कामाला जात नसे. आम्ही तेच करतोय असं त्यांना वाटलं. आणि आमच्या चौघांतल्या पगडीवाल्यालाच त्यांनी आधी धरलं. फौजीजींना भिंतीकडं तोंड करून उभं केलं, हात वर. माझ्या बोटांवरची लेई वाळत होती आणि मी नुसतं "सर... सर" म्हणत होतो. मामानं मराठीतच गजानन, गजानन सुरू केलं.

प्यादा मात्र डगमगला नाही. "मोहर देखो जी! कचहरी की मोहर है! कंपनी को समन लगा रहे हैं."

पोलिस अधिकाऱ्यानं कागद गेटावरच, मान वाकडी करून वाचला. दोनदा वाचला. मग त्याला हसू आलं. "सातवीं का सर्टिफिकेट? इसके लिए?" आणि फौजीजींच्या खांद्यावर थाप मारून, "बाबाजी, घर जाइए," म्हणून जीप गेली.

फौजीजींनी पगडी सारखी केली. प्याद्यानं कागद पुढं केला. मामानं सही केली. फौजीजींनी केली. मी बघत होतो. या वेळी त्यांनी सहीपुढं नंबर लिहिला नाही.

तारखेला कंपनीचा वकील हजर झाला. भांडला नाही. कोट झटकत म्हणाला, "हमें तो पता ही नहीं था जी," आणि पाकिटातून माझा दाखला काढून दिला. फायलीला लावताना कुणीतरी त्याला दोन भोकं पाडली होती. एका भोकात वडलांच्या नावाचा अर्धा भाग गेला होता. हॉस्पिटलच्या क्लार्कनं तो उजेडात धरला. "अक्षर हिंदी के हैं, समझ कुछ नहीं आता." डॉक्टरीणबाईंनी तिथंच बसून भाषांतर केलं आणि सही केली. नोकरी टिकली. त्याच नोकरीवर माझा संसार झाला, मुलं शिकली. बाईंची बदली पुढं दुसरीकडं झाली. प्रत्येक दिवाळीला मी त्यांना पत्र पाठवत राहिलो.

दाखला घेऊन मी पहिल्यांदा गेलो तो फौजीजींकडं. त्यांनी तो हातात धरला आणि म्हणाले, "पढ़ के सुना." मी एकेक ओळ वाचून हिंदीत सांगितली. अभ्यासातील प्रगती: बरी. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: परगावी जाणार.

"बस? इतने के लिए?" ते हसले. बायको हसली नाही. ती म्हणाली, "इनकी किताब का भी पूछो. वो भी उसी अलमारी में है."

फौजेतून सुटताना मिळालेलं त्यांचं लाल पुस्तक. ते असल्याशिवाय पहाऱ्याची दुसरी नोकरी त्यांना कुणी देत नव्हतं. कपाट उघडलं तेव्हा सगळ्यात वर असलेलं ते पुस्तक मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. कंपनी म्हणत होती, आमच्याकडं असलं काही नाही.

"मैंने भी अर्जी डाल दी है," फौजीजी म्हणाले. "तूने देखी थी ना? बोल देगा?"

"बोलूंगा जी. पक्का."

आणि पहिल्या तारखेला मी गेलो नाही.

ड्यूटी होती असं मी त्यांना निरोपातून कळवलं. ड्यूटी होतीच, पण मी रजा मागितलीच नव्हती. माझी पोलिस पडताळणी त्याच महिन्यात चालू होती. ज्याचा मुलगा अकरा दिवस आत होता त्याच्यासाठी कोर्टात उभा राहिलो, हे कुठं लिहिलं गेलं तर? रात्रंदिवस तेच डोक्यात. मामाला सांगितलं तेव्हा त्यानं मुशीतून नजर न काढता एवढंच म्हटलं, "त्या फौजीनं विचार केला नव्हता."

दुसऱ्या तारखेला गेलो. पडताळणीचा कागद अजून आला नव्हता. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर फौजीजी बसले होते. मला बघून ते सरकले आणि बाजूला जागा केली.

"आ गया? बैठ."

मागच्या तारखेचं ते काही बोलले नाहीत. मीही नाही. पुस्तक त्यांना पुढं मिळालं. कंपनीतली नोकरी गेली ती गेलीच. पण त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. पुकारा झाला, मी आत गेलो, लाल पुस्तक कुठल्या कप्प्यात, कशाच्या वर होतं ते सांगितलं. टायपिस्टनं कागद ओढून माझ्यापुढं ठेवला. मी मराठीत सही केली. मग क्षणभर थांबलो आणि सहीपुढं माझा हॉस्पिटलचा नोकरी नंबर लिहिला.

"इसकी जरूरत नहीं है," टायपिस्ट म्हणाला.

"रहने दो जी," मी म्हटलं.